चालू ईआरपीला अपडेट कधी आणि कोणतं द्यायचं? सोलापूरच्या चार जणांच्या टीमला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांची ईआरपी (स्टॉक, बिलं, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) तुमची चार जणांची टीम सांभाळते. जावा ८ ही भाषा, तिच्यावरचा स्प्रिंग बूट २.७ हा सांगाडा, मायएसक्यूएल ५.७ हा डेटाबेस असा जोड आहे आणि बहुतेक ठिकाणी सेंटओएस ७ या लिनक्सचा सर्व्हर कारखान्याच्याच ऑफिसात ठेवलेला आहे. नव्या आवृत्त्या, सुरक्षेच्या सूचना, जीएसटीचे बदल यांच्या बातम्या रोज येऊन आदळतात. मालक म्हणतात, "चालतंय ते चालू दे." यातलं वाचायचं काय, सोडायचं काय, आणि एकदम जावा २५ नि स्प्रिंग बूट ४ वर उडी मारायची का?

वरवर पाहता हा बातम्या निवडण्याचा प्रश्न वाटतो, पण अडचण त्याच्या एक पायरी आधी आहे. कोणत्या गिऱ्हाइकाकडे नेमकं काय चालू आहे हे एका जागी लिहिलेलं नसलं, की सुरुवातीला प्रत्येक बातमी आपल्यावरच बेतलेली वाटते आणि थोड्या दिवसांनी एकही आपली वाटेनाशी होते. म्हणून आधी यादी करा. साधी एक्सेल शीट पुरते. दर गिऱ्हाइकाला एक ओळ: ऑपरेटिंग सिस्टिम, जेडीके (जावा चालवणारा संच) कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या क्रमांकाचा, टॉमकॅट हा वेब सर्व्हर वेगळा आहे की ॲप्लिकेशनच्या जार फाइलमध्येच, डेटाबेसची आवृत्ती, आपल्या ईआरपीचा बिल्ड (तयार करून चढवलेली आवृत्ती), सर्व्हर बाहेरून इंटरनेटवरून दिसतो का, बॅकअप कुठे जातो आणि तो परत चढवून शेवटचं कधी पाहिलं. त्याच्या जोडीला प्रकल्पातल्या लायब्ररींची (बाहेरून घेतलेल्या तयार कोडची) यादी मेव्हन या बिल्ड करणाऱ्या साधनाच्या डिपेंडन्सी ट्रीमधून काढा. सायक्लोनडीएक्सचं मेव्हन प्लगइन लावलंत तर दर बिल्डबरोबर ती आपोआप तयार होते.

ही यादी करताना ज्या रकान्यात सगळ्यात जास्त "माहीत नाही" येतं तो म्हणजे "बाहेरून दिसतो का". माझ्या मते पहिलं काम तेच. मालकाला घरून स्टॉक बघता यावा म्हणून राउटरमध्ये ८०८० किंवा रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट कुणीतरी उघडून दिलेलं असतं आणि ते नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही. अशा ठिकाणी स्प्रिंगची आवृत्ती बदलण्याआधी ते पोर्ट बंद करून व्हीपीएन (बाहेरून जोडायचा सुरक्षित खाजगी मार्ग) द्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि त्यानंतर येणाऱ्या बऱ्याच धोक्याच्या सूचनांची तातडी तेवढ्यानेच कमी होते.

कोणती सूचना आपली, हे ठरवताना मी तीन गोष्टी बघतो: तो घटक आपल्याकडे आहे का, हल्ल्यासाठी लागणारी परिस्थिती आपल्याकडे आहे का, आणि त्या त्रुटीचा वापर प्रत्यक्षात सुरू झाला आहे का. गंभीरतेचा आकडा यानंतर. याची दोन चांगली उदाहरणं तुमच्याच जोडातली आहेत.

पहिलं लॉगफोरशेल, लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतली त्रुटी; सीव्हीई-२०२१-४४२२८ हा तिचा नोंद क्रमांक. डिसेंबर २०२१ मध्ये ती उघड झाली तेव्हा गंभीरतेचे गुण १० पैकी १० होते. पण स्प्रिंग बूटमध्ये लॉगिंगसाठी मुळात लॉगबॅक ही दुसरी लायब्ररी असते. डिपेंडन्सी ट्रीमध्ये लॉगफोरजे-एपीआय हे नाव दिसल्यावर पुष्कळ जण घाबरले, पण त्रुटी लॉगफोरजे-कोअरमध्ये होती. कोअर स्वतःहून जोडलेलं नसेल तर ती बातमी तुमची नव्हती. जोडलेलं असेल तर मात्र २.१५.० वर थांबणं पुरेसं नव्हतं, कारण पाठोपाठ २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ याव्या लागल्या. पहिल्या दिवशी पॅच लावून मोकळं झालेल्यांनी पुढचे तीन आठवडे वाचायला हवे होते. आणखी एक: एखाद्या जुन्या रिपोर्टच्या मॉड्यूलमध्ये लॉगफोरजे १.x अजून असू शकतं. त्याचा आधार २०१५ मध्येच संपला आहे. ते काढाच.

दुसरं स्प्रिंगफोरशेल, स्प्रिंगमधलीच त्रुटी, सीव्हीई-२०२२-२२९६५, मार्च २०२२ अखेरचं. त्या वेळी माहीत असलेल्या हल्ल्याला जावा ९ किंवा त्यापुढची आवृत्ती, टॉमकॅट, आणि वॉर फाइल म्हणून (वेगळ्या टॉमकॅटवर) चढवलेलं ॲप्लिकेशन एवढं सगळं एकत्र लागत होतं. जावा ८ वर एक्झिक्युटेबल जार चालवणाऱ्याला त्याच रात्री धावपळ करायची गरज नव्हती. ठरलेल्या वेळी स्प्रिंग फ्रेमवर्क ५.३.१८ वर जाणं चाललं असतं. पण शेजारच्याच गिऱ्हाइकाकडे जावा ११ आणि वॉर असेल तर तिथे त्याच दिवशी. म्हणजे एकाच बातमीची दोन उत्तरं निघाली, आणि ती बातमीतून निघाली नाहीत, तुमच्या शीटमधून निघाली.

वापर प्रत्यक्षात सुरू झाला आहे का, हे बघायला अमेरिकेच्या सिसा या संस्थेची ज्ञात-वापर झालेल्या त्रुटींची यादी उपयोगी पडते, आणि आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सूचना. सर्ट-इनबद्दल एक लक्षात ठेवा. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवसांचे ठेवायचे असतात. स्प्रिंग बूटच्या लॉगबॅकमध्ये तुम्ही काही न बदलता जुन्या लॉग फाइली ७ दिवसांपुरत्याच राहतात. ही एक सेटिंग आहे, पाच मिनिटांची. तिला आवृत्तीबदलाशी बांधू नका. आजच बदला आणि डिस्कला किती जागा लागते ते महिनाभर बघा.

आता जीएसटी. तुमच्यासाठी सगळ्यात कडक मुदती स्प्रिंगच्या किंवा जावाच्या नसतात, जीएसटी आणि ई-इनव्हॉइसच्या असतात. जावा ८ वर बिल निघत राहतं. पोर्टलने नियम बदलला की त्या दिवसापासून बिल निघतच नाही आणि ट्रक गेटवर उभा राहतो. म्हणून एनआयसीच्या (सरकारी माहिती केंद्राच्या) ई-इनव्हॉइस पोर्टलच्या आणि जीएसटीएनच्या (जीएसटीची यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेच्या) सूचना टीममध्ये एका माणसाने, नाव ठरवून, वाचल्याच पाहिजेत. अलीकडचे बदल बघा म्हणजे या सूचना किती बारीक असतात ते कळेल. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी किंवा त्याहून जास्त उलाढालीच्या कारखान्याला बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर नोंदवावं लागतं. त्याच तारखेपासून ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइसच्या लॉगिनला सगळ्यांसाठी ओटीपी सक्तीचा झाला. १ जून २०२५ पासून बिल क्रमांकातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं एकच धरली जातात. तुमच्याकडे एका युनिटची मालिका लहान अक्षरांत आणि दुसरीची त्याच मोठ्या अक्षरांत असेल, तर डेटाबेसला ती दोन वेगळी बिलं वाटू शकतात, पोर्टल मात्र दुसरं बिल नक्कल म्हणून नाकारतं.

आणि २२ सप्टेंबर २०२५ चा दरबदल तर थेट सोलापुरी मालाला लागणारा होता. चादर, टॉवेल अशा तयार कापडी वस्तूंना आधी प्रति नग १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के होते. आता मर्यादा २,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के. ज्यांनी कोडमध्ये "१००० पेक्षा जास्त" अशी अट थेट लिहून ठेवली होती त्यांना त्या आठवड्यात प्रत्येक गिऱ्हाइकाकडे नवा बिल्ड चढवावा लागला. दराचं टेबल करा: एचएसएन (मालाचा कोड), प्रति नग मूल्याची मर्यादा, मर्यादेच्या आतला दर, वरचा दर, लागू तारीख, संपल्याची तारीख. बिलाच्या तारखेवरून ओळ उचला. क्रेडिट नोट करताना मूळ बिलाची ओळ उचला, आजची नको. सप्टेंबरच्या आधी गेलेला माल नंतर परत आला तेव्हा चुका इथेच झाल्या. असा बदल पुन्हा आला तर तेव्हा बिल्ड नको, टेबलात एक ओळ पुरेल.

यानंतर तुमच्या जोडाकडे येऊ. मुदती अशा आहेत. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला. मायएसक्यूएल ५.७ चा ऑक्टोबर २०२३ मध्ये. स्प्रिंग बूट २.७ चा मोफत आधार २०२३ मध्ये, शेवटची मोफत आवृत्ती २.७.१८. जावा ८ मार्च २०१४ चा आहे, पण गंमत म्हणजे तुमच्या जोडातल्या या चार घटकांत तोच अजून जिवंत आहे: टेम्युरिन आणि करेटो या जेडीकेच्या दोन्ही मोफत वितरणांत जावा ८ ला अजून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. त्या दर जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या मंगळवारच्या आसपास येतात. तेवढ्या चार तारखा कॅलेंडरला लावा, रोजच्या जावाच्या बातम्या सोडून द्या.

जेडीके कोणाचा आहे तेही शीटमध्ये तपासा. ओरॅकलच्या जावा ८ मध्ये ८यू२०२ ही जुन्या परवान्याखालची शेवटची आवृत्ती. एप्रिल २०१९ पासूनच्या आवृत्त्यांना व्यावसायिक वापरासाठी वर्गणी लागते. जानेवारी २०२३ पासून ती वर्गणी सर्व्हर मोजून नाही, कंपनीतली माणसं मोजून आकारली जाते. कारखान्याच्या पटावरचे मागावरचे कामगारसुद्धा त्यात धरले जातात. एका सर्व्हरवरच्या जेडीकेसाठी कोणत्याही मालकाला हे परवडणार नाही. टेम्युरिन लावणं हे तासाभराचं काम आहे आणि ते इतर कशावरही अवलंबून नाही.

मोठ्या बदलाचा क्रम मी असा ठेवेन: आधी ॲप्लिकेशन २.७.१८ वर, मग त्याच बूटवर जावा १७, मग नवी मशीन आणि डेटाबेस, मग बूट ३, आणि शेवटी जावा २१. एका वेळी एकच पायरी. दोन गोष्टी एकत्र बदलल्या आणि काही अडलं तर दोष कुणाचा हे शोधण्यात जो वेळ जातो, तो वेगवेगळ्या दोन सुट्ट्यांच्या दिवशी काम करण्यापेक्षा नेहमी जास्त असतो.

बूट २.७ जावा १७ वर चालतं, म्हणून ती पायरी सोपी आहे. अडतं ते तीन ठिकाणी. जावा ११ पासून जॅक्सबी जेडीकेमध्ये नाही; एक्सएमएलचं काम असेल तर ती लायब्ररी वेगळी जोडावी लागते. लोम्बोक (कोड आपोआप भरणारी लायब्ररी) जुनं असेल तर कंपाइलच होत नाही. ते आधी नवं करा. आणि जावाच्या आतल्या खाजगी क्लासमध्ये रिफ्लेक्शनने शिरणाऱ्या जुन्या लायब्ररी जावा १७ मध्ये चूक फेकतात. चालू करताना "ॲड-ओपन्स" देऊन वेळ मारून नेता येते, पण ज्या लायब्ररीसाठी ते द्यावं लागलं तिचं नाव लिहून ठेवा.

सर्व्हरसाठी जुन्याच मशीनवर सेंटओएस बदलत बसू नका. वेगळ्या मशीनवर अल्मालिनक्स ९ किंवा उबुंटू २४.०४ घ्या. मशीनचा खर्च होतो हे खरं, पण जुनी मशीन जशीच्या तशी शिल्लक राहते, आणि परत फिरायचा तोच सगळ्यात खात्रीचा रस्ता आहे.

मायएसक्यूएल ५.७ वरून थेट ८.४ वर जाता येत नाही, मध्ये ८.० लागतं. ८.० वर थांबू मात्र नका. त्याची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतचीच. आधी मायएसक्यूएल शेलमधला अपग्रेड चेकर ५.७ वर चालवा. तो बहुतेक गोष्टी सांगतो: "रँक", "ग्रुप्स" अशी कॉलमची नावं आता राखीव शब्द झाली आहेत, वगैरे. तरी या चार गोष्टी हाताने बघा. कॉन्फिगमध्ये क्वेरी कॅशची ओळ राहिली असेल तर ८.० सुरूच होत नाही. पासवर्डची पद्धत बदलली आहे, त्यामुळे जुना ड्रायव्हर किंवा एक्सेलमधलं जुनं ओडीबीसी कनेक्शन जोडलं जात नाही. नवीन टेबलांची कोलेशन (अक्षरं जुळवण्याची पद्धत) वेगळी पडू शकते, मग जुन्या आणि नव्या टेबलाचा जॉईन केला की कोलेशन जुळत नाही अशी चूक येते. आणि चौथी सगळ्यात फसवी: ५.७ मध्ये ग्रुप बाय केलं की निकाल आपोआप क्रमाने यायचा, ८.० मध्ये तसं नाही. कसलीही चूक दिसत नाही, फक्त पार्टीनिहाय येणेबाकीचा रिपोर्ट उलटसुलट छापला जातो आणि अकाउंटंटचा फोन येतो. जिथे क्रम हवा तिथे ऑर्डर बाय स्वच्छ लिहा. जाता जाता, ८.० वर चढलेला डेटा खाली ५.७ वर आणता येत नाही. म्हणून चढण्याआधीचा पूर्ण डंप वेगळ्या डिस्कवर हवाच.

बूट ३ ही खरी मोठी पायरी. त्याला किमान जावा १७ लागतो आणि जावाएक्सची पॅकेजेस जकार्ता झाली आहेत. इथे सरसकट शोधा-आणि-बदला करू नका. सर्व्हलेट, पर्सिस्टन्स, व्हॅलिडेशन यांची नावं बदलली. पण जावाएक्स-एसक्यूएल, जावाएक्स-क्रिप्टो ही जेडीकेची आहेत आणि तशीच राहिली. ओपनरीराइट या कोड बदलणाऱ्या साधनाची तयार रेसिपी हे बरोबर ओळखते. वॉर फाइल वेगळ्या टॉमकॅटवर चढवत असाल तर टॉमकॅट १०.१ लागतो. टॉमकॅट ९ वर ती चढते, लॉगमध्ये काही तक्रार दिसत नाही, आणि प्रत्येक पानाला ४०४ (पान सापडलं नाही) येतो. हे माहीत नसलं तर दिवस जातो.

शिवाय वेब पत्त्याच्या (यूआरएलच्या) शेवटची तिरकी रेघ आता वेगळी धरली जाते. जुन्या बारकोड स्कॅनरच्या ॲपमध्ये ती असेल तर तेही ४०४. स्प्रिंग सिक्युरिटीचा जुना ॲडाप्टर क्लास काढून टाकला आहे, ते कॉन्फिगरेशन नव्याने लिहावं लागतं. मायएसक्यूएल ड्रायव्हरचं मेव्हनमधलं नाव बदललं आहे. पण ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवेन ते म्हणजे बूट ३ सोबत येणाऱ्या हायबरनेट ६ या डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीची आयडी देण्याची पद्धत. एंटिटीवर (टेबलाशी जोडलेल्या क्लासवर) जनरेशन "ऑटो" ठेवलेलं असेल तर आधी सगळ्यांना मिळून एकच हायबरनेट-सिक्वेन्स टेबल होतं. आता दर एंटिटीला वेगळं टेबल लागतं. स्कीमा आपोआप बदलण्याची मुभा चालू असेल तर ही नवी टेबलं १ पासून सुरू होतात, आणि पहिलंच चलन साठवताना आयडी आधीच आहे म्हणून चूक येते. जुनी नामपद्धत चालू ठेवण्याची सेटिंग आहे. ती लावा, किंवा टेबलं स्वतः बनवून त्यात प्रत्येक मूळ टेबलातल्या सर्वांत मोठ्या आयडीपेक्षा निदान ५० ने मोठा आकडा भरा. हे रिकाम्या टेस्ट डेटाबेसवर कधीच सापडत नाही. गिऱ्हाइकाच्या खऱ्या डेटाची प्रत घेऊनच तपासा.

जावा २१ वर जाताना तारीख-वेळेकडे बघा. जावा २० पासून जावाच्या तयार इंग्रजी शैलीत वेळ छापताना "एएम-पीएम"च्या आधीची मोकळी जागा साधी राहिलेली नाही, ते वेगळं युनिकोड अक्षर आहे. डिस्पॅचच्या जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर तिथे प्रश्नचिन्ह उमटू शकतं, आणि तीच वेळ परत वाचणारा कोड अडतो. विंडोज सर्व्हर असेल तर आणखी एक: जावा १८ पासून फाइल वाचण्याचं मूळ एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे. वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरकडून येणारी फाइल जुन्या एन्कोडिंगमध्ये असेल तर तिथे एन्कोडिंग स्पष्ट लिहा.

हे सगळं कधी करायचं, हे खरोखरच कारखान्यावर अवलंबून आहे. मी महिन्याच्या २१ ते २६ तारखांमधली साप्ताहिक सुट्टी धरतो: ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० तारखेचं जीएसटीआर-३बी ही विवरणपत्रं भरून झालेली असतात, महिनाअखेरीचा डिस्पॅच अजून सुरू व्हायचा असतो. दिवाळीआधीचे दोन महिने आणि मार्च पूर्ण वर्ज्य. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आठवड्यात सर्व्हर मोकळा मिळतो म्हणून मोह होतो, पण बिलिंगचा माणूस यात्रेत असतो. तपासणार कोण?

परत फिरण्याची सीमा आधीच ठरवा, आणि ती घड्याळावर ठरवू नका. नव्या सिस्टिमवरून पहिला आयआरएन (पोर्टलने बिलाला दिलेला नोंदणी क्रमांक) निघाला की जुना बॅकअप तसाच चढवता येत नाही. ते बिल सरकारकडे नोंदलेलं आहे, तुमचा जुना डेटाबेस मात्र तोच क्रमांक पुन्हा द्यायला जाणार, आणि पोर्टल तो नाकारणार. आयआरएन रद्द करायला २४ तास मिळतात, पण रद्द केलेला बिल क्रमांकही पुन्हा वापरता येत नाही. म्हणून आधी पोर्टलच्या सँडबॉक्सवर (चाचणीच्या जागेवर) निदान पाच प्रकारची बिलं काढा: साधं, दोन दरांचं, निर्यातीचं, क्रेडिट नोट, आणि ई-वे बिलासह. खऱ्या पोर्टलवरचं पहिलं बिल मालकाच्या होकारानंतरच काढा. पहिला दिवसभर निघालेल्या प्रत्येक बिलाचं पोर्टलला गेलेलं आणि आलेलं उत्तर वेगळ्या फाइलमध्ये साठवा. परत फिरायची वेळ आलीच तर त्यावरूनच बिलं भरून काढता येतील.

बूट ४ आणि जावा २५ बद्दल: आत्ता नको, पण कायमचं नको असंही नाही. बूट ४ नोव्हेंबर २०२५ चं आहे आणि त्यालाही किमान जावा १७ च लागतो, त्यामुळे वरची एकही पायरी वाया जात नाही. २.७ वरून ३.५ वर या, तिथे एक महिनाअखेर नीट पार पडू द्या, मग ४ कडे बघा. ३.५ चा मोफत आधारही जून २०२६ पर्यंतचाच, म्हणून तिथे मुक्काम ठोकू नका.

मालकांशी बोलताना त्यांना सीव्हीईचे क्रमांक दाखवू नका. शीटमधल्या तीन गोष्टी दाखवा: कोणत्या कारखान्याचं पोर्ट उघडं आहे, कुठे ओरॅकलचा जेडीके आहे, आणि कोणता बॅकअप परत चढवून कधीच पाहिलेला नाही. "चालतंय" या शब्दाला त्यातून आपोआप तारीख आणि रक्कम लागते. पहिला बदल सगळ्यात लहान गिऱ्हाइकाकडे नको, तर ज्याचा अकाउंटंट आपल्याबरोबर संध्याकाळी दोन तास बसायला तयार आहे त्याच्याकडे करा.

या आठवड्यात मात्र एवढंच: शीट भरा, उघडी पोर्टं बंद करा, लॉग १८० दिवसांवर न्या, आणि एका गिऱ्हाइकाचा बॅकअप रिकाम्या मशीनवर चढवून त्यातून कालचं बिल उघडतं का ते बघा.